जागतिक अर्थव्यवस्था आणि बहुराष्ट्रीय कंपन्या : पदव्युत्तर अभ्यास नेमका कशाचा करावा?

सागरवाट (धागालेखिका)

बी.ए., बी.कॉम. किंवा अभियांत्रिकी पूर्ण करून आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र अथवा आंतरराष्ट्रीय व्यवसाय या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणारी मुले आणि त्यांचे पालक पहिल्यांदा विचारतात ते संस्थेबद्दल. या विषयात अभ्यासायचे असते तरी काय, हे त्याआधी विचारायला हवे, असे पदव्युत्तर वर्गांना शिकवताना मला सातत्याने जाणवत आले आहे. आपल्याकडे हा विषय दोन विभागांत वाटला गेला आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्धाच भाग शिकवला जातो.

अर्थशास्त्र विभागात सुरुवात होते ती डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञापासून. १८१७ साली त्याने मांडलेल्या उदाहरणात इंग्लंड कापड विकते आणि पोर्तुगाल मद्य विकते. व्यापार देश करतात. कंपनी नावाची वस्तू त्या मांडणीत कोठेच नाही. पुढे हेक्शर आणि ओहलिन हे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ येतात, तेथेही भांडवल व श्रम यांची देशादेशांतील विपुलता मोजली जाते. व्यवस्थापन विभागात नेमके उलटे घडते. तेथे कंपनी केंद्रस्थानी असते, परंतु विनिमय दर, व्यवहारतोल (देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्याचा हिशेब), करार मोडणारी किंवा पाळणारी सरकारे हे सारे ‘व्यावसायिक पर्यावरण’ नावाच्या एका प्रकरणात उरकले जाते. कंपनी, राज्यसंस्था आणि चलन या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवण्याची सवय लावणारा अभ्यासक्रम तोच चांगला, असे माझे मत आहे आणि ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

या दोन अर्ध्यांना जोडणारा प्रश्न स्टीफन हायमर या कॅनडियन विद्यार्थ्याने १९६० साली एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधात विचारला. भांडवल केवळ जास्त व्याज मिळते म्हणून परदेशी जात असेल, तर रोखे विकत घेऊन काम भागते. मग जेथली भाषा, कायदे आणि ग्राहक स्थानिक उद्योजकाला अधिक ठाऊक आहेत, अशा परक्या देशात जाऊन कारखाना स्वतः चालवण्याचा खटाटोप कंपन्या कशासाठी करतात? कंपनीपाशी तंत्रज्ञान, नाममुद्रा किंवा संघटन यांपैकी काहीतरी असे असते, की ज्याचा लाभ नियंत्रण हाती ठेवल्याशिवाय पूर्णपणे घेता येत नाही, हे त्याचे उत्तर होते. जॉन डनिंग यांनी पुढे त्यात स्थानाचा लाभ आणि व्यवहार कंपनीच्या आतच ठेवण्याचा लाभ यांची भर घातली. आज जगभरच्या वर्गांत हीच त्रिसूत्री शिकवली जाते.

ती पाठ होते. वापरता मात्र येत नाही. म्हणून मी प्रत्येक तुकडीला दाभोळ प्रकल्प सबंध वाचायला लावते. गुहागर तालुक्यातील या वीजप्रकल्पात एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के वाटा होता. जून १९९२ मध्ये प्राथमिक समझोता झाला, १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार झाला. सरकार बदलल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द करण्यात आला, मग फेरवाटाघाटी झाल्या. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

या घटनाक्रमावर आपल्याकडे पुष्कळ राजकीय लेखन झाले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्यापलीकडे जाऊन कराराची रचना उलगडायची असते. मंडळाचे उत्पन्न रुपयांत होते. शेतीपंपांना सवलतीची वीज देणारी आणि गळतीने ग्रासलेली ती संस्था होती. कराराची देणी मात्र बव्हंशी डॉलरशी बांधलेली होती आणि वीज घेतली नाही तरी उभारलेल्या क्षमतेपोटीचे ठरावीक शुल्क भरावेच लागणार होते. १९९३ मध्ये डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये तो ४७ रुपयांच्या आसपास पोहोचला. याच काळात तेलाचे भाव चढले आणि पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, चालत होता. विनिमय दराची जोखीम, इंधनाची जोखीम आणि मागणीची जोखीम या तिन्ही, ज्याला त्या पेलवण्याची सर्वांत कमी ताकद होती त्याच पक्षाच्या खांद्यावर ठेवल्या होत्या. करार मोडण्याची शक्यता कराराच्या पोटातच होती, असे मी म्हणते ते या अर्थाने.

येथे रेमंड व्हर्नन यांची १९७१ ची मांडणी विद्यार्थी लगेच पुढे आणतात: गुंतवणूक होईपर्यंत कंपनी वरचढ असते, पैसा जमिनीत अडकला की यजमान सरकार वरचढ होते. दाभोळला मात्र पहिला करार रद्द झाला, तेव्हा बांधकाम नुकतेच सुरू झाले होते. म्हणजे पारडे फिरवले ते निवडणुकीने. अडकलेल्या पैशाचा त्यात फारसा हात नव्हता. सिद्धान्त कोठे लागू पडतो आणि कोठे अपुरा ठरतो, हे विद्यार्थ्याला स्वतः शोधता आले की माझ्या दृष्टीने त्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

या क्षेत्रात काम करणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा शिकून गेलेल्या सदस्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात, अशी विनंती आहे. आपल्या अनुभवाच्या प्रदेशातील कोणते प्रकरण विद्यार्थ्याने अभ्यासावे? आणि कोणते शिक्षण पुढे खरोखर कामी आले?

गोदाकाठ

ताई, धागा मनापासून आवडला. मी नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची निर्यात करतो आणि आमच्या पॅकहाउसवर दरवर्षी व्यवस्थापनाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी येतात. त्यांना आयात शुल्क म्हणजे काय, हे व्यवस्थित ठाऊक असते. परंतु आमच्या मालाला युरोपात अडवते ते शुल्क नव्हे, हे त्यांना येथे आल्यावर कळते.

२०१० चा हंगाम यासाठी अभ्यासावा. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक द्राक्षबागांत वापरले जात होते आणि निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होई, त्यांच्या यादीत ते नव्हते. युरोपातील प्रयोगशाळांनी ते शोधले, त्याचे प्रमाण तेथील मर्यादेपेक्षा अधिक निघाले आणि माल बंदरांवर आणि गोदामांत अडकून पडला. वास्तविक २००६ पासून अपेडाची (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) ग्रेपनेट ही व्यवस्था चालू होती, जिच्यामुळे युरोपातील दुकानातल्या पेटीवरून थेट येथील बागेपर्यंत माग काढता येतो. म्हणजे माग काढण्याची सोय होती, नोंदणी होती, प्रयोगशाळा होत्या. यादीतले एक नाव तेवढे नव्हते. त्याचे ओझे कोणावर पडले? आयातदाराशी आमचा व्यवहार बहुधा विक्रीनंतर हिशेब या पद्धतीचा असतो. माल त्याच्या हाती सोपवला जातो, विकला गेल्यावर खर्च आणि कमिशन वजा होऊन पैसे येतात. त्यामुळे नुकसान जवळजवळ सगळे शेतकरी आणि निर्यातदार यांच्या अंगावर आले आणि बँकांचे हप्ते थकले.

विद्यार्थ्यांनी आणखी एक भेद समजून घ्यावा. जागतिक व्यापार संघटनेचा स्वच्छता आणि वनस्पती आरोग्याविषयीचा करार १९९५ पासून लागू आहे आणि तो सरकारांना बांधतो. युरोपातील मोठ्या किरकोळ विक्री साखळ्या मात्र सरकारी मर्यादेहून कडक अटी स्वतःच्या म्हणून घालतात. कायद्याने चालणारे प्रमाण असेल त्याच्या काही हिस्साच अंश आमच्या मालात चालेल, असे लिहून मागतात. त्याविरुद्ध दाद मागायला जिनिव्हात, म्हणजे व्यापार संघटनेत, दरवाजा नाही. जागतिक व्यापाराचे नियम कोण करते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या अटींच्या कागदांत आहे, आणि ते कागद कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाहीत.

शेजारच्या कांद्याविषयी थोडेच लिहितो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्यासह मोकळीक, सप्टेंबरात शुल्क २० टक्के आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. आखातातला किंवा मलेशियातला खरेदीदार या काळात दुसऱ्या देशाकडे वळला, तर तो परत येतो का, यावर कोणीतरी चांगला प्रबंध लिहावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आकडेमोड

धागालेखिकेचा मूळ मुद्दा मान्य आहे, पण त्यांच्या पद्धतीला माझा एक आक्षेप आहे. दाभोळ हे गाजलेले प्रकरण आहे आणि गाजलेली प्रकरणे ही बहुधा अपवादात्मक असतात. खासगी वीजप्रकल्पांना झटपट मंजुरी देणाऱ्या त्याच ‘फास्ट ट्रॅक’ धोरणाखाली मंजूर झालेले इतर वीजप्रकल्पही होते. त्यांपैकी काही उभे राहिले, काही कागदावरच संपले. ते समोर न ठेवता एकट्या दाभोळवरून कारणमीमांसा केली, तर विद्यार्थ्याला कथा मिळेल. कारण हाती लागेलच असे नाही. प्रकरणांचा अभ्यास जेवढा आवश्यक, तेवढाच संख्याशास्त्राचा, आणि आपल्याकडच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत त्याची फार हेळसांड होते.

टिनबर्जेन यांनी १९६२ साली मांडलेले गुरुत्व प्रतिमान घ्या. दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो, एवढेच ते सांगते. पण एवढ्या साध्या चौकटीत सामायिक भाषा, वसाहतीचा इतिहास, व्यापारी करार यांचा परिणाम मोजता येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-आकडेवारीच्या संचातून आकडे उतरवून हे प्रतिमान स्वतः चालवावे. शून्य व्यापार असलेल्या जोड्यांचे काय करायचे, येथे अडखळल्यावर त्याला जे समजते, ते व्याख्यानातून समजत नाही. मार्क मेलिट्झ यांचा २००३ चा लेख याच टप्प्यावर वाचावा. एकाच उद्योगातील मोजक्या, अधिक उत्पादक कंपन्याच निर्यात का करतात, हे त्यात दाखवले आहे. ज्या व्यापार सिद्धान्तात कंपनी नाही असे वर म्हटले आहे, त्यात ती अशा रीतीने गेल्या काही दशकांत आली आहे. पॉल क्रुगमन यांच्या १९७९ च्या लेखापासून हा प्रवाह सुरू होतो. आपले अनेक अभ्यासक्रम मात्र हेक्शर-ओहलिनपाशीच थांबतात.

आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. चीनमध्ये जुळवलेल्या आयफोन थ्री-जीचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता आणि त्यात चीनमधील जुळवणीचा वाटा होता अवघा साडेसहा डॉलर. अमेरिकेच्या आयात आकडेवारीत मात्र तो सारा खर्च चीनच्या नावावर जमा होत होता. आज भारतातून होणाऱ्या मोबाइल निर्यातीचे आकडे वाचताना हाच प्रश्न विचारला पाहिजे. कोणत्या देशाने मालात किती मूल्याची भर घातली हे दाखवणारी, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची मूल्यवर्धित व्यापाराची सारणी त्यासाठी आहे.

सागरवाट

@आकडेमोड, आपला आक्षेप रास्त आहे आणि यंदाच्या तुकडीसाठी मी तो वर्गात तसाच मांडणार आहे. एक मात्र जोडते. ज्याने एकदाही वीजखरेदी करार किंवा जहाजभरणीचे कागद वाचलेले नाहीत, तो समीकरणात कोणता चल घालायचा, हे दुसऱ्याच्या लेखावरून उचलतो. @गोदाकाठ यांनी सांगितलेल्या खासगी अटी कोणत्याही शुल्कसारणीत नाहीत. त्या ठाऊक नसलेला विद्यार्थी प्रतिमान चालवील आणि युरोपशी द्राक्षव्यापारात अडथळा जवळजवळ नाही, असा निष्कर्ष काढील. म्हणून मी कागद आधी आणि आकडे नंतर, हा क्रम ठेवते.

तराजू

मी मुंबईत आंतरराष्ट्रीय करआकारणीचे काम करतो. वरच्या चर्चेत कंपनी, राज्यसंस्था आणि चलन आले; त्यांच्या जोडीला कर हा चौथा घटक घ्यावा लागेल, कारण बहुराष्ट्रीय कंपनीची रचना पुष्कळदा त्यावरूनच ठरते.

व्होडाफोन प्रकरण पदव्युत्तर वर्गात निकालपत्रांसह वाचावे. २००७ मध्ये व्होडाफोनने सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून हचिसन एस्सारमधील नियंत्रक हिस्सा घेतला. भारतातील एकही शेअर मात्र या व्यवहारात हस्तांतरित झाला नाही. केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचा शेअर विकला गेला आणि तिच्याखालच्या कंपन्यांच्या साखळीच्या तळाशी भारतातला दूरसंचार व्यवसाय होता. या व्यवहारावर भारतात भांडवली नफ्याचा कर लागतो का? मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये करखात्याच्या बाजूने कौल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने. त्यानंतर संसदेने त्याच वर्षी कायद्यात पूर्वलक्षी, म्हणजे मागील व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती केली, कंपनीने नेदरलँड्सबरोबरच्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन लवाद मागितला, सप्टेंबर २०२० मध्ये लवादाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला आणि २०२१ मध्ये ती पूर्वलक्षी मागणी कायद्यानेच मागे घेण्यात आली. दरम्यान भारताने आपले बहुतेक द्विपक्षीय गुंतवणूक करार संपुष्टात आणले होते. सार्वभौम राज्याने किती दूर जावे आणि त्याची किंमत काय, हा प्रश्न येथे जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसतो. दाभोळच्या वादातही पुढे बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेतला होता, हे धागालेखिकेच्या मांडणीला पूरक ठरेल.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. थेट परकीय गुंतवणुकीच्या देशवार तक्त्यात मॉरिशस आणि सिंगापूर वर्षानुवर्षे अग्रभागी आहेत. हे भारतात येण्यापूर्वीचे पैशाचे शेवटचे थांबे आहेत. उगम बहुधा दुसरीकडे असतो. ‘मॉरिशसच्या गुंतवणुकीचा भारताच्या वाढीवर परिणाम’ अशा शीर्षकाचे शोधनिबंध मी पाहिले आहेत आणि ते वाचून खेद होतो. दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी मॉरिशसशी झालेला १९८२ चा करार २०१६ मध्ये का बदलला गेला, हे एकदा वाचले तरी असे शीर्षक कोणी देणार नाही. त्याबरोबरच २००१ पासून भारतात लागू असलेली हस्तांतर मूल्याची तरतूद समजून घ्यावी. एकाच समूहातील दोन कंपन्या आपसात जी किंमत लावतात, ती अनोळखी पक्षांनी लावली असती तशी आहे का, हे त्यात तपासले जाते. जागतिक व्यापाराचा फार मोठा हिस्सा असा कंपनीच्या पोटातच घडतो.

इंद्रायणी_तीर

मी चाकण पट्ट्यात एका वाहनसुट्याभाग कंपनीत खरेदी विभागात आहे. परदेशी कंपनी येते कशी, यावर पुष्कळ शिकवले जाते. ती जाते कशी, यावर जवळजवळ काहीच नाही. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली, निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद केले. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीने कारखाना घ्यायचे ठरवले होते. परंतु एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारची प्रेस नोट ३ आली, भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली, ती मिळाली नाही आणि २०२२ मध्ये तो करार संपला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला.

अमेरिका, चीन आणि कोरिया या तीन देशांच्या कंपन्या, सीमेवरचा तणाव, कामगारांच्या नुकसानभरपाईचा वाद आणि आसपासच्या पुरवठादारांनी केलेली यंत्रगुंतवणूक, एवढे सगळे एका औद्योगिक वसाहतीच्या परिघात आहे. पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने डेट्रॉइटवरच्या तयार प्रकरणांऐवजी तळेगावला जाऊन पुरवठादारांशी बोलावे. डनिंग यांची त्रिसूत्री उलट्या दिशेने लावून पाहायला इतकी चांगली जागा मिळणार नाही.

राइनकाठ

मी पुण्यातून जर्मनीत येऊन अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, म्हणून व्यावहारिक बाजू मांडते. येथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो भरावे लागतात. भारतातून येणाऱ्यांना एपीएसचे (शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे) प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे तयारी बरीच आधी सुरू करावी. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे सुमारे बारा हजार युरो बंदिस्त खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असे ऐकून निघालेल्या कुटुंबांना हा आकडा आधी कळलेला बरा.

खरी अडचण वेगळी आहे. येथील अर्थशास्त्राचे विभाग पदवीच्या गुणपत्रकातील टक्केवारीबरोबर गणित, संख्याशास्त्र, सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र यांचे श्रेयांक (क्रेडिट्स) मोजतात. चांगल्या टक्क्यांचे बी.कॉम. विद्यार्थी एवढ्याचसाठी नाकारले गेलेले मी पाहिले आहेत. व्यवसाय प्रशासनाच्या अभ्यासक्रमांत ही अट थोडी सैल असते. ज्यांना परदेशी जायचे आहे, त्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच कलन, रेषीय बीजगणित आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) यांचे अधिकृत श्रेयांक मिळतील, अशी सोय करावी. ब्रिटनमधील एका वर्षाचा अभ्यासक्रम आणि येथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम यांत निवड करायची झाली, तर संशोधनाची आवड असणाऱ्याने दोन वर्षेच घ्यावीत. एका वर्षात प्रबंधाचा विषय पिकायला अवधी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवते. येथे आमच्या वर्गात ‘उदयोन्मुख देशांतील बहुराष्ट्रीय कंपन्या’ या विषयात भारत फोर्जने २००४ मध्ये कार्ल डान पेडिंगहाउस ही जर्मन कंपनी घेतल्याचे उदाहरण चर्चेला आले होते. मुंढव्याची कंपनी एनेपेटालमधील जुना लोहारकामाचा उद्योग का विकत घेते, जर्मन वाहनकंपन्यांशी असलेल्या नात्यासाठी की तंत्रज्ञानासाठी, यावर दीर्घ चर्चा झाली. मूळ देशातील श्रेष्ठत्व घेऊन कंपनी बाहेर पडते, असे हायमर-डनिंग परंपरा मानते. येथे कंपनी श्रेष्ठत्व मिळवण्यासाठी बाहेर पडली, असेही म्हणता येते.

नवी_पालवी

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. मी तृतीय वर्ष बी.ए. अर्थशास्त्राला आहे. घरची परिस्थिती साधारण आहे, त्यामुळे शिक्षणानंतर लवकर नोकरी लागणे गरजेचे आहे. ताई, एम.ए. करावे की आंतरराष्ट्रीय व्यवसायातील एम.बी.ए., याबद्दल आपण स्पष्ट मत द्यावे. गोदाकाठ काका, कांद्याच्या खरेदीदारांवरचा जो विषय आपण सुचवला, तो एम.ए.च्या प्रबंधात पेलेल का?

गोदाकाठ

बाळ, विषय नक्की घे. हंगामात ये, निर्यातदार, आडते आणि जहाज कंपन्यांचे येथील प्रतिनिधी यांच्याशी मी गाठ घालून देईन.

सागरवाट

@नवी_पालवी, लवकर उत्पन्न सुरू होणे ही तुझी पहिली गरज असेल, तर प्रवेशपरीक्षेची कसून तयारी करून आंतरराष्ट्रीय व्यवसायाचे एम.बी.ए. करावेस. भारतीय विदेश व्यापार संस्था १९६३ पासून याच एका क्षेत्रात काम करते आणि निर्यात प्रक्रिया, व्यापारधोरण, लॉजिस्टिक्स हे विषय तेथे गांभीर्याने शिकवले जातात. शुल्क मात्र बरेच आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि अपेक्षित पगार यांचे गणित कागदावर मांडूनच निर्णय घे. सर्वसाधारण महाविद्यालयात ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय’ असे नुसते नाव असलेल्या एम.बी.ए.वर तेवढा पैसा घालू नकोस, असे मी स्पष्टपणे सांगते. त्यापेक्षा कमी शुल्कात भक्कम एम.ए. किंवा एम.एस्सी. कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पुण्यात १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आणि तिचे ग्रंथालय हाताशी आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तिचे गणित कठीण असते, पण संशोधनाकडे वळायचे असेल तर ते कष्ट सोसावेत. अभ्यासक्रम निवडताना पुढील गोष्टी विचारून घे: अर्थमिती प्रत्यक्ष संगणकावर शिकवतात का, विनिमय दर आणि व्यवहारतोल यांवर स्वतंत्र विषय आहे का, कंपनीच्या सिद्धान्ताला कोठे जागा आहे का आणि प्रबंध सक्तीचा आहे का. चारपैकी तीन उत्तरे होकारार्थी आली, तर संस्थेचे नाव थोडे लहान असले तरी चालेल.

परदेशी जाण्याची संधी मिळाली, तर जे. एन. टाटा एन्डाउमेंटची १८९२ पासूनची कर्जरूप शिष्यवृत्ती आणि राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या यांची चौकशी कर. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती यांत महत्त्वाची आहे. या विषयाचा आपल्याकडचा सर्वांत थोर पदव्युत्तर विद्यार्थी अशाच आधारावर शिकला, हे मी वर्गात नेहमी सांगते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली आणि त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. रुपया सोन्याशी जोडलेल्या परकीय चलनाशी बांधणाऱ्या सुवर्ण विनिमय पद्धतीच्या बाजूने ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये केलेल्या मांडणीला त्यांनी त्यात विरोध केला. चलनाचा पुरवठा राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडणारी व्यवस्था स्थिर राहू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना, रुपया स्वस्त ठेवल्याने निर्यातदारांचा लाभ होतो पण भाववाढीच्या मागे राहणाऱ्या मजुरीमुळे तो लाभ कष्टकऱ्यांच्या खिशातून निघतो, हेही त्यांनी दाखवून दिले. विनिमय दराचा प्रत्येक निर्णय कोणाला देतो आणि कोणाकडून घेतो, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी ठेवला होता. माझ्या मते ही मांडणी आंतरराष्ट्रीय वित्ताच्या पहिल्या सत्रात सक्तीने असायला हवी.

कांद्याचा विषय एम.ए.ला नक्की पेलेल, मात्र आवाका मर्यादित ठेव. मलेशिया, संयुक्त अरब अमिराती आणि श्रीलंका एवढेच तीन देश घे. कॉमट्रेडमधून त्यांची देशवार मासिक कांदाआयात काढ, भारताचा वाटा २०२३ च्या ऑगस्टपूर्वी किती होता आणि एप्रिल २०२५ नंतर कितपत भरून आला, हे पाहा, आणि पाकिस्तान, चीन व इजिप्त यांचा वाटा त्याच काळात कसा हलला, ते शेजारी मांड. काही देशांचे मासिक आकडे उशिरा येतात. तेथे कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती महासंचालनालयाची आपल्या बाजूची निर्यात आकडेवारी वापर आणि दोहोंतील तफावत वेगळी नोंदव. @आकडेमोड, आकडेवारीच्या टप्प्यावर आपण तिला मदत कराल का?

आकडेमोड

आनंदाने. पहिला तक्ता तयार झाला की येथेच टाकावा. किंमत आणि परिमाण हे दोन्ही स्तंभ ठेवावेत. बंदीच्या काळात कांद्याचे भाव चढलेले असणार, त्यामुळे केवळ डॉलरमधील मूल्य पाहिले तर घट प्रत्यक्षापेक्षा कमी भासेल.